वापरलेलं कार्ड म्हणजे हलकं कार्ड?

प्रश्न : आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत शंभरावर जुनी चित्रकार्डं निघाली. पणजोबा रेल्वेत होते. त्यांना मित्रांनी आणि नातेवाइकांनी पाठवलेली ही कार्डं. काही मोडीत लिहिलेली, काही इंग्रजीत. बहुतेकांवर तिकिटं आणि टपालाचे शिक्के आहेत. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, "कोरी असती तर काही बोललो असतो. ही वापरलेली, यांना काय प्रत असणार? तिकिटं सोडवून आणा, तेवढी घेतो." हे खरं आहे का? कार्डांची प्रत ठरवतात तरी कशी? आणि ही कार्डं जपायची कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी एक विनंती. एकाही कार्डावरचं तिकीट सोडवू नका. तिकीट, त्यावरचा शिक्का आणि कार्ड एकत्र आहेत तोवर तो एक पुरावा आहे. सोडवलंत की हातात राहील एक साधं तिकीट आणि एक विद्रूप झालेलं कार्ड. सातव्या एडवर्डची आणि पाचव्या जॉर्जची रोजच्या वापरातली सुटी तिकिटं आजही ढिगानं मिळतात. पण अमुक तारखेला अमुक गावाहून निघून तुमच्या पणजोबांच्या हाती पोचलेलं कार्ड जगात एकच असतं.

आता व्यापाऱ्याच्या म्हणण्याकडे वळू. अगदी नव्यासारखं कोरं कार्ड काही संग्राहकांना हवं असतं, यात खोटं नाही. पण 'वापरलेलं म्हणून प्रत नाही' हे साफ चूक आहे. प्रतवारीत वापर हा दोष धरला जात नाही. झीज, डाग, घडी, फाटलेपण हे दोष धरले जातात. जपून हाताळलेलं, टपालानं आलेलं कार्ड वरच्या प्रतीत बसू शकतं आणि कधीही न पाठवलेलं कार्ड ओल लागून अगदी तळाला जाऊ शकतं.

हे समजण्यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल. पोस्टकार्ड पहिल्यांदा निघालं १ ऑक्टोबर १८६९ रोजी, ऑस्ट्रिया-हंगेरीत. आपल्याकडे सरकारी कार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. ही कार्डं साधी होती, चित्राशिवाय. ब्रिटनमध्ये १८९४ साली खाजगी प्रकाशकांची कार्डं तिकीट लावून पाठवायला परवानगी मिळाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्रकार्डांचं वेड जगभर पसरलं. मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनीनं शहराची आणि घाटांची दृश्यं काढली. लंडनच्या राफाएल टक कंपनीनं हिंदुस्थानातल्या ठिकाणांच्या रंगीत मालिका काढल्या. रविवर्मा प्रेसनं कार्डं छापली. कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यांवरची माणसं कार्डांसाठी रंगवली. त्या काळातली पुष्कळ कार्डं जर्मनीत छापून येत. पाठीवर 'जर्मनीत छापलं' किंवा 'सॅक्सनीत छापलं' अशी बारीक इंग्रजी ओळ सापडते. पहिलं महायुद्ध पेटलं आणि हा पुरवठा तुटला.

या इतिहासातला एक नियम प्रतवारीसाठी फार महत्त्वाचा आहे. सुरुवातीला कार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूला, कडेच्या मोकळ्या पट्टीत, नाहीतर थेट चित्रावर. पाठीवर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, ही सोय ब्रिटननं १९०२ साली दिली, जर्मनीनं १९०५ साली, अमेरिकेनं १९०७ साली. तेव्हा तुमच्या डब्यात बिनरेघेच्या पाठीचं कार्ड निघालं आणि चित्राच्या आकाशात कुणी चार ओळी लिहिलेल्या दिसल्या, तर 'चित्र खराब केलं' म्हणू नका. लिहिणाऱ्याला दुसरी जागाच नव्हती. अशा कार्डावरचं सुबक लिखाण जाणकार संग्राहक दोषात मोजत नाही. हेच लिखाण रेघ असलेल्या कार्डाच्या चित्रावर असेल, तर मात्र प्रत खाली येते.

आता प्रतवारी. यासाठी संग्राहक इंग्रजी शब्दच वापरतात. 'मिंट' म्हणजे छापखान्यातून आत्ता बाहेर आल्यासारखं : ना लिखाण, ना शिक्का, ना दुमड. 'निअर मिंट' तसंच, फक्त अल्बममध्ये राहून किंचित पिवळसर झालेलं. तिसरी पायरी 'एक्सलंट'. इथे घडी नको आणि चित्राची बाजू स्वच्छ हवी. टपालानं आलेलं कार्डही या पायरीवर बसतं. अट एवढीच की लिखाण आणि शिक्का पत्त्याच्या बाजूलाच असावा. तुमच्या व्यापाऱ्याला उत्तर द्यायला ही एक पायरी पुरेशी आहे.

'व्हेरी गुड'मध्ये कोपरे थोडे गोलसर आणि शोधून सापडेल इतपत बारीक दुमड चालते. 'गुड'मध्ये दुमड आणि झीज सहज दिसते, पण कार्ड अल्बममध्ये लावायला लाज वाटत नाही. 'फेअर' म्हणजे डाग, ठळक घडी किंवा चित्रावर पसरलेला शिक्का, पण कार्ड अखंड. सगळ्यात खाली 'पुअर' : फाटलेलं, तुकडा गेलेला, तिकीट उपटलेलं. दुर्मीळ कार्ड असेल तर चांगली प्रत मिळेपर्यंत तेही संग्रहात जागा धरून ठेवतं.

प्रत ठरवायला लागतं काय? खिडकीचा उजेड, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पट्टी. कार्ड कडांना धरून उजेडात तिरपं करा. समोरून न दिसणारी दुमड तिरप्या उजेडात लगेच चमकते. मग चारही कोपरे बघा. त्यानंतर लांबी-रुंदी मोजा. त्या काळची कार्डं साधारण १४ बाय ९ सेंटिमीटरची असत. एखादं बरंच लहान भरलं आणि त्याच्या कडा फार ताज्या दिसल्या, तर झिजलेले कोपरे लपवायला कुणीतरी कात्री चालवली असण्याची शक्यता धरा. शेवटी पाठ बघा : अल्बमचा काळा कागद चिकटलेला आहे का, दमटपणाचे तांबूस ठिपके आहेत का, कसर लागली आहे का.

भिंग चित्रावरही धरा. ओळीत मांडल्यासारखे ठिपके दिसले तर ती छापखान्यातली छपाई. ठिपके मुळीच नसतील, करड्या छटा सलग वितळत गेल्या असतील आणि गडद भागावर चंदेरी झाक असेल, तर तो फोटोच्या कागदावर काढलेला खरा फोटो. अशा कार्डांच्या प्रती अनेकदा मोजक्याच निघत. एखाद्या लहान गावाची पेठ किंवा शाळा अशा कार्डावर असेल तर ते जपाच. ताजमहालाची कार्डं पुष्कळ छापली गेली, तुमच्या गावच्या पेठेची कुणी छापली?

प्रत्यक्ष प्रतवारी कशी करायची ते माझ्या संग्रहातल्या एका कार्डावर दाखवतो. चित्र बोरघाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनचं : डोंगराच्या टोकावर रूळ संपतात, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट दिशेनं चढायला लागते. पाठीवर मधली रेघ आहे, सातव्या एडवर्डचं तिकीट आहे आणि दोन गोल शिक्के आहेत, एक निघाल्याचा आणि एक पोचल्याचा. मजकूर मोडीत आहे. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढी दुमड आहे, ती चित्रापर्यंत जात नाही. उजवा वरचा कोपरा बोथट आहे. तिकिटावर मारलेल्या शिक्क्याचा दाब पुढच्या बाजूला, आकाशात, फिकट वर्तुळासारखा उठला आहे. शाईचा रंग मात्र उतरलेला नाही.

माझ्या वहीत याची नोंद अशी : 'बोरघाट, रिव्हर्सिंग स्टेशन. रेघेची पाठ. टपालानं गेलेलं, तिकीट शाबूत, दोन शिक्के, तारीख वाचता येते. मोडी मजकूर. चित्राची बाजू व्हेरी गुड : खालच्या डाव्या कोपऱ्याला दुमड, आकाशात शिक्क्याचा दाब. पाठ एक्सलंट.' दोन बाजूंची प्रत वेगळी लिहायची, हे लक्षात ठेवा. कुणी चित्रासाठी कार्ड घेतं, कुणी शिक्क्यासाठी. दोघांनाही खरी माहिती मिळायला हवी. आणि 'व्हेरी गुड' एवढं लिहून थांबायचं नाही, ते का, हेही लिहायचं. प्रत म्हणजे किंमत नव्हे. प्रत म्हणजे कार्ड न पाहिलेल्या माणसाला दिलेला शब्द.

कार्डाचं वय कसं ओळखायचं, हेही तुम्हाला लागेल. शिक्क्यावरची तारीख कार्ड केव्हा पाठवलं ते सांगते, केव्हा छापलं ते नाही. दुकानात उरलेली कार्डं वर्षानुवर्षं विकली जात. तारीख पुसट असेल तर तिकिटावरचा राजा बघा. आपल्याकडे एडवर्डची तिकिटं १९०२ साली आली, पाचव्या जॉर्जची १९११ साली, सहाव्या जॉर्जची १९३७ साली. मग चित्र वाचा. मुंबईच्या रस्त्यात घोड्यांची ट्राम असेल तर फोटो १९०५ किंवा त्याआधीचा. विजेची ट्राम दिसली तर १९०७ नंतरचा. अपोलो बंदराच्या चित्रात ताजमहाल हॉटेल उभं आहे, पण गेटवे ऑफ इंडिया नाही, तर १९०३ ते १९२४ च्या मधलं. आणि माझ्या कार्डावरचं रिव्हर्सिंग स्टेशन? १९२९ साली घाटातला मार्ग बदलला आणि ते वापरातून गेलं. पणजोबा रेल्वेत होते म्हणता, तर तुमच्या डब्यातही त्याचं एखादं कार्ड असेल, जरूर शोधा.

शेवटचा प्रश्न जपणुकीचा. काय करू नये ते आधी सांगतो, कारण जास्त नुकसान हौसेनं केलेल्या दुरुस्तीमुळे होतं. कार्ड पाण्यात भिजवू नका. घडी मोडायला इस्त्री फिरवू नका. पुसट अक्षरं पेनानं गिरवू नका. चिकटपट्टी लावू नका; काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा सोडवता येत नाही. नोंद करायचीच असेल तर वेगळ्या वहीत करा, कार्डावर नको.

प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीची, वास येणारी मऊ पाकिटं टाळा. त्यांतून निघणारी रसायनं कागद आणि शाई दोन्ही बिघडवतात. पाकिटं खोक्यात उभी लावा. खोकं माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवा. साताऱ्याच्या पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पंधरवड्यानं त्या बदला. पाऊस सरला की कोरड्या दिवशी सगळी कार्डं एकदा नजरेखालून घाला. पत्र्याचा डबाही टाकू नका. तो त्या संग्रहाचाच भाग आहे. आतून गंजला असेल तर कार्डं मात्र त्यात परत ठेवू नका.

आणि हा संग्रह फोडू नका. शंभर कार्डं वेगवेगळ्या शंभर माणसांना विकली तर शंभर चित्रं विकली जातील. एकत्र राहिली तर त्यांतून एका रेल्वे नोकराची सगळी ओळखपाळख वाचता येते : कोण कुठून लिहीत होतं, कुणाची बदली कुठे झाली, बातमी किती दिवसांत पोचत होती. विकायचीच झाली तर सगळी एकत्र, यादीसह द्या. मोडी मजकूर वाचून घ्या. मोडी जाणणारी माणसं अजून आहेत आणि राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्गही घेतो.

या सगळ्याआधी एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ डबा घेऊन बसा आणि कार्डांवरची नावं एकेक करून विचारा : हा कोण, ही कुणाची कोण, हे गाव आपल्याशी कसं जोडलेलं. उत्तरं वहीत उतरवून घ्या. कार्डं नीट ठेवली तर आणखी शंभर वर्षं टिकतील, पण ही उत्तरं फक्त माणसांजवळ असतात. म्हणून भिंग आणि पाकिटं नंतर आणा, वही आजच घ्या.