आधी ट्रिम बघा, मग हॉर्सपॉवर

जुनी रेसिंग आउटबोर्ड घ्यायला निघालेला माणूस आधी हॉर्सपॉवर विचारतो, मग कॉम्प्रेशन मोजतो, मग वरच्या काळ्या झाकणावरून हात फिरवून खूश होतो. ट्रिमचं बटण तो एकदाच दाबतो. मोटर वर गेली, खाली आली, झालं! नोकरीच्या निमित्ताने मी विस्कॉन्सिनात आलो आणि विनेबागो सरोवराच्या काठी या मोटरींच्या नादी लागलो. मर्क्युरी कंपनीचं फॉन्ड डू लॅक गाव याच सरोवराच्या दक्षिण टोकाला आहे, त्यामुळे इथल्या गराजांमध्ये अशा मोटरी धूळ खात पडलेल्या सापडतात. त्या विकत घेताना माझा क्रम आता उलटा झाला आहे. तो का, हे सांगतो.

मोटर बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, टांगलेली असते. तिचा खालचा भाग बोटीकडे ओढला की बोटीची नाळ, म्हणजे पुढची बाजू, दबते. बाहेर ढकलला की नाळ उचलली जाते. हा कोन म्हणजेच ट्रिम. नाळ उचलली की पाण्याला घासणारा तळ कमी होतो आणि तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो. पतंगाला ढील देण्यासारखंच हे. नेमकी दिली तर चढतो, जास्त झाली की गोते खातो. ट्रिम प्रमाणाबाहेर गेला की नाळ पाण्यावर आपटू लागते, पंखा हवा ओढतो, इंजिनाचे फेरे एकदम चढतात आणि वळणावर बोटीची पकड सुटते.

1950च्या दशकातल्या मर्क्युरीच्या मार्क 20एच, मार्क 55एच या रेसिंग मोटरींना हे बटण नव्हतंच. ब्रॅकेटच्या भोकांत एक पिन अडकवायची आणि त्या कोनात शर्यत काढायची. बदल करायचा तर बोट काठाला आणायची. काहीजण ट्रान्समला पाचरी ठोकत. छोट्या हायड्रोप्लेनमध्ये चालक गुडघ्यांवर बसे आणि स्वतःचं अंग पुढेमागे सरकवे. त्याचं वजन हाच ट्रिम. मला विचाराल तर त्या लोकांना बोट जितकी कळत होती तितकी आपल्याला कळत नाही.

पण 1962 मध्ये मर्क्युरीने 100 हॉर्सपॉवरची आउटबोर्ड आणली आणि वेग वाढत गेले, तशी पिन पुरेनाशी झाली. वळणाला जो कोन लागतो तो सरळ पट्ट्यात बोटीला पाण्याशी बांधून ठेवतो, आणि सरळ पट्ट्यातला कोन वळणावर घात करतो. मर्क्युरीचे संस्थापक कार्ल कीकहेफर यांच्या कंपनीने 1960च्या दशकातच हायड्रॉलिक पॉवर ट्रिम बाजारात आणला. पॅरिसला सेन नदीवर सहा तासांची शर्यत होई, अ‍ॅरिझोनात हवासू सरोवरावर मोठ्या शर्यती होत. तिथे चालत्या बोटीतच ट्रिम बदलता येणं म्हणजे मोठीच सोय होती: पट्ट्यात वर, वळणाआधी खाली. पुढे दोन पायांच्या टनेल बोटी आल्या, 1976 मध्ये मर्क्युरीची व्ही-सिक्स आली. टनेल बोटीखाली हवाच उचल देते, त्यामुळे नाळ जरा जास्त वर गेली की बोट मागे उलटू शकते. 1984च्या फॉर्म्युला वन बोट शर्यतींच्या हंगामात एकाहून अधिक चालकांचे जीव गेले. त्यानंतर या शर्यतींत चालकाभोवती मजबूत कोश बसवण्याकडे कल वळला. सगळा दोष ट्रिमचा नव्हता, पण ते बटण म्हणजे खेळणं नव्हे, हे त्या काळाने दाखवून दिलं.

माझ्या वाट्याला त्यातला एक छोटा नमुना आला. मोटर विकणाऱ्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "सगळं ओरिजिनल." सरोवराच्या मध्यावर मी ट्रिमचं बटण सोडलं आणि पंपाची घरघर काही थांबेना. नाळ चढत गेली, समोरचा काठ दिसेनासा झाला, स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं. थ्रॉटल हळूहळू उतरवला, बोट पाण्यावर बसली. पंप मात्र चालूच, आणि तारांचा वास यायला लागला. शेवटी बॅटरीची तार काढली तेव्हा आवाज बंद झाला. नंतर उघडून पाहिलं तर पंपाला करंट देणारा सोलेनॉइड कुणीतरी बदलून गाडीच्या स्टार्टरचा बसवला होता. काही सेकंदांच्या कामाची ती वस्तू. आतले संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते.

म्हणून घेण्याआधी वरचं झाकण काढायला लावा. सोलेनॉइड त्या मॉडेलचे आहेत का, पंपाला जाणारी तार पुरेशी जाड आहे का, अर्थिंगच्या टोकावर हिरवट गंज आहे का, हे बघा. सोलेनॉइड नसून बटणातूनच थेट करंट नेला असेल तर किंमत विचारण्यात अर्थ नाही. आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच चालकाच्या हाताशी हवा.

ट्रिम पंपाचं तेल बघताना सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत, बहुतेक वेळा मोटर पूर्ण वर असताना, बघतात. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे बहुधा ट्रिम सिलिंडरचे सील गेले. भरायचं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच; ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात. जुन्या रचनेत पंप बोटीच्या आत, ट्रान्समच्या खालच्या कोपऱ्यात बसवलेला सापडतो, आणि बोटीतलं पाणी नेमकं तिथेच साचतं. तो हाताने चाचपून बघा. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगलेल्या असतात. मी त्या न विचारता बदलतो.

जमलं तर मोटर वर करून ट्रान्समवर खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. खाली उतरली असेल तर झडपा किंवा सील गळताहेत. विक्रेता रात्रभर थांबायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

पन्नाशीच्या दशकातल्या मोटरीला नंतरचा ट्रिम जोडायचा मोह अनेकांना होतो. जोड-ब्रॅकेटने मोटर मागे सरकते, ट्रान्समवरचा ताण वाढतो, बोटीचा तोल बदलतो, आणि जुन्या मोटरीचं जुनेपण गेलं ते वेगळंच. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. पिनवाली मोटर पिनवरच चालवा. रेससाठी ट्रिमची मर्यादा काढून टाकलेली मोटर मिळाली तर ती मर्यादा परत बसवा. ब्रॅकेटचा आधार सुटेल इतकी मोटर बाहेर काढून जोर लावला की ब्रॅकेट तडकू शकतो.

आणि बोटीच्या मागे उभं राहून काम करताना हायड्रॉलिकवर विसंबू नका. मॅन्युअल रिलीजचा स्क्रू ढिला असला किंवा एखादी नळी फुटली तर वर उचललेली मोटर काही क्षणांत खाली येते, आणि ती एका माणसाला हाताने पेलवत नाही. टिल्ट लॉक लावा, नसेल तर लाकडी टेकू द्या, आणि मगच खाली वाका.