न उघडलेले दप्तर

पत्नीचा स्तनाचा कर्करोग बरा होऊन सहा वर्षे उलटल्यावर तिला धाप लागू लागली, तेव्हा त्या वेळच्या केमोथेरपीचे कागद मी समोर ठेवले असता आमच्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरांनी ते न उघडताच बाजूला सारले. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचा प्रादुर्भाव मोठा, तेव्हा प्रथम तीच शंका घेणे रास्तच; परंतु ती तपासणी निर्दोष आल्यावरही लोहाच्याच गोळ्या देत राहण्यास काय म्हणावे? दर अहवालात हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही उतरत होत्या, आणि तांबड्या पेशींचा आकार सांगणारा एमसीव्हीचा आकडा शंभरावर गेला होता. लोह कमी पडले तर तो घटतो. मी विचारले, तर "गुरुजी, तुम्ही शाळा सांभाळा, रक्त आम्ही पाहतो," असे उत्तर मिळाले. ते अद्याप सलते.

मुंबईस कमरेच्या हाडातून मज्जा काढण्यापूर्वी तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी तेच कागद मागून घेतले, आणि सायक्लोफॉस्फामाइड या नावावर त्यांचे बोट थांबले, तेव्हा आजाराचे मूळ कोठे आहे हे मला उमगले. या वर्गातील औषधांनी मज्जेच्या मूळ पेशींच्या गुणसूत्रांना इजा होऊन, पाच ते दहा वर्षांनी, पाचवे वा सातवे गुणसूत्र अंशतः वा पूर्ण गळालेला रक्ताचा कर्करोग क्वचित उद्भवतो. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ही खूण १९७७ मध्येच नोंदवली होती. एटोपोसाइडसारख्या औषधांनंतर तो एक ते तीन वर्षांतच येतो, व तेथे बहुधा अकराव्या गुणसूत्राची मोडतोड आढळते. हिचे सातवे गुणसूत्र गेलेले, त्यात टीपी५३ या जनुकातही बिघाड. अशा रुग्णांपैकी बहुतेक वर्षही काढीत नाहीत. तीही गेली. लवकर कळते तर ती वाचती, असा माझा दावा नाही. पण गोळ्यांत गेलेले ते महिने आमचे होते.

केमोथेरपी घेतलेल्याने औषधांची नावे, मात्रा व तारखा असलेला कागद जन्मभर जपावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांस वाचावयास लावावा. तिन्ही पेशी उतरू लागल्या तर, कोणी रागावले तरी, मज्जेच्या तपासणीचा आग्रह धरावा. धीर सोडू नये. गुणसूत्रांचा अहवाल हाती येईपर्यंत कोणाचाही फैसला मानू नये, कारण पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा प्रकार निघाला तर तो बहुधा बरा होतो. मात्र हे वाचून कोणा भगिनीने स्तनाच्या कर्करोगाची केमोथेरपी नाकारू नये. हा दुसरा रोग शंभरांत एकीलाही क्वचितच गाठतो. आणि मज्जारोपणाचा विषय निघताच सख्ख्या भावंडांची, मज्जा जुळते का हे पाहणारी एचएलए तपासणी विनाविलंब उरकावी. माझ्या मेहुण्याचा अहवाल आला तेव्हा तिच्या अंगी ते रोपण सोसण्याचे त्राण उरले नव्हते.