शहरातील मुक्काम : कुटुंबासाठी हॉटेल निवडताना

मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात व ते यावेत हेच योग्य आहे. या खेपेस मी वरकरणी किरकोळ वाटणारा विषय निवडला आहे. तीन-चार दिवसांच्या सुटीत वृद्ध आई, पत्नी, मुलगा, सून, नातवंडे यांना घेऊन मोठ्या शहरात गेल्यावर उतरायचे कोठे, हा तो विषय. त्याचा आणि वैद्यकाचा संबंध काय, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. दोन प्रवास घडेपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

आदिलाबादच्या मराठी कुटुंबाला शहर पाहायचे म्हटले की दोनच दिशा ठाऊक असतात. पैनगंगा ओलांडून उत्तरेस नागपूर, सुमारे २०० किलोमीटर. आणि दक्षिणेस हैदराबाद, सुमारे ३०० किलोमीटर. दोन्हीकडे नेणारा महामार्ग एकच, ४४ क्रमांकाचा. आमच्या वडिलांच्या पिढीला हॉटेल निवडावेच लागले नाही. १९५६ पूर्वी आपण सारे हैदराबाद संस्थानातले, नंतर त्या राज्यातले; शिक्षण, कोर्टकचेरी, औषधोपचार या निमित्ताने गेलेला माणूस काचीगुड्याला किंवा सुलतान बाजारात कोणा आप्ताकडे हक्काने वळकटी टाकत असे. 'हॉटेल' या शब्दाचा अर्थ तेव्हा चहा-भजी मिळण्याचे ठिकाण एवढाच होता. आता आप्तांची घरे दोन खोल्यांची झाली, त्यांचीही मुले परीक्षेला बसलेली असतात, आणि सहा माणसांनी कोणाच्या दारात उभे राहणे आपल्यालाच प्रशस्त वाटत नाही. म्हणून हॉटेल आले. पण ते पारखण्याची रीत मात्र आपल्याकडे वडिलोपार्जित आलेली नाही.

काही वर्षांपूर्वीच्या पहिल्या प्रवासात आम्ही हैदराबादच्या पश्चिमेकडील नव्या वस्तीत उतरलो. खोल्या प्रशस्त, न्याहारी उत्तम, स्वागतकक्ष राजवाड्यासारखा. पहायची ठिकाणे मात्र सारी जुन्या शहराकडे. सकाळी नऊला निघालेले कुटुंब रात्री नऊलाच परत येऊ शके. सालारजंग संग्रहालयातील एका बाकावर माझी एकोणऐंशी वर्षांची आई भर दुपारी दोन तास बसून होती. लघवीला जावे लागेल या संकोचाने तिने सकाळपासून पाणी प्यायलेच नव्हते, हे मला संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी तिला मूत्रमार्गाच्या संसर्गाचा ताप भरला. तीन वर्षांचा नातू दुपारच्या झोपेवाचून इतका किरकिरा झाला की चारमिनार त्याने बापाच्या खांद्यावर झोपेतच पाहिला. चूक हॉटेलची नव्हती. मी रात्रीचा विचार करून खोली घेतली होती, आणि कुटुंबाला तिची गरज दुपारी होती.

माझ्या मते शहराच्या मध्यभागी उतरण्याचे खरे मूल्य हेच आहे. बाजार जवळ, स्टेशन जवळ हे फायदे आहेतच. परंतु बारा-साडेबाराला परत येऊन जेवून, पाय पसरून, औषध घेऊन चारला पुन्हा बाहेर पडता येणे ही गोष्ट वृद्धांस व बालकांस जी विश्रांती देते, ती इतर कोणतीही सोय देऊ शकत नाही. म्हणून नकाशा पाहताना 'विमानतळ किती दूर' हे न पाहता 'दुपारी परत येण्यास किती वेळ लागेल' हे पाहावे. अर्ध्या तासाहून अधिक लागत असेल तर कुटुंब परतत नाही, असा माझा अनुभव आहे.

हैदराबादेत या दृष्टीने लकडी का पूल, नामपल्ली, आबिड्स हा पट्टा सोयीचा पडतो. २०१८ मध्ये मेट्रोचा अमीरपेट ते एल. बी. नगर हा भाग सुरू झाल्यापासून लकडी का पूल, असेंब्ली, नामपल्ली, महात्मा गांधी बसस्थानक ही स्थानके एका रेषेत आली. २०२० च्या फेब्रुवारीत जुबिली बसस्थानक ते महात्मा गांधी बसस्थानक हा मार्गही सुरू झाला. आपली बस जुबिलीला सोडते तेव्हा तेथूनच मेट्रोने सुलतान बाजारापर्यंत जाता येते. पहाटे कृष्णा एक्स्प्रेसने सिकंदराबादला उतरणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. चोवीस तासांचा हिशेब आहे की दुपारी बाराचा? बाराचा असेल तर पहाटे आलेल्या आजींना स्वागतकक्षातील सोफ्यावर सहा तास काढावे लागतात, नाहीतर अर्ध्या दिवसाचे जादा भाडे द्यावे लागते. नामपल्लीचे औद्योगिक प्रदर्शन, म्हणजे आपली 'नुमाइश', १९३८ पासून भरत आली आहे. १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या तिच्या काळात त्या भागात संध्याकाळी गाडी दारापर्यंत येणे कठीण. सालारजंग शुक्रवारी व प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते, हेही दिवस ठरवतानाच पाहावे.

दुसऱ्या प्रवासात मी शहाणपणाने याच पट्ट्यात उतरलो. दुपारची चिंता मिटली. पण पहिल्याच संध्याकाळी नातवाने न्हाणीघरात शिरून डावीकडचा नळ सोडला आणि त्याच्या किंकाळीने आम्ही सारे धावलो. गिझर दिवसभर चालू होता. पाणी जवळजवळ उकळते. तळहात व दोन बोटे भाजली होती. खोलीत सामान ठेवल्यावर मी दूरदर्शन संच लावून पाहिला होता, पंखा लावून पाहिला होता. नळाखाली हात धरून पाहिला नव्हता. तीस वर्षे भाजलेली मुले तपासलेल्या माणसाकडून हे राहून गेले, याची बोच अजून गेलेली नाही. आम्ही त्याचा हात वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरला. आईने टूथपेस्ट मागवली होती व हॉटेलचा मुलगा तत्परतेने बर्फ घेऊन आला होता. दोन्ही मी परत पाठवले. मध्यवस्तीत असल्यामुळे औषधाचे दुकान समोरच होते, एवढाच काय तो दिलासा. फोड आले, पंधरा दिवसांत हात बरा झाला. सून मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बेताचेच बोलत असे.

यातील शास्त्र थोडक्यात सांगतो. ६० अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढाची त्वचाही काही सेकंदांत खोलवर भाजते. बालकाची त्वचा पातळ असल्याने त्याहूनही लवकर. हेच पाणी ५० अंशांच्या खाली असेल तर तेवढ्या इजेस काही मिनिटे लागतात, म्हणजे हात मागे घेण्यास अवधी मिळतो. म्हणून गिझरचे बटण न्हाणीघराबाहेर आहे का, हे विचारावे, आणि आंघोळीपुरताच तो लावावा. गिझर गॅसवर चालणारा असेल व न्हाणीघरास बाहेर उघडणारी खिडकी नसेल तर ती खोली मी घेत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, भोवळ ही लक्षणे घरातील दोघा-तिघांना एकदम दिसली की आपण अन्नबाधा समजतो. तरुण सहकाऱ्यांना एक स्मरण देतो की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवतो. कार्बोक्सीहिमोग्लोबिनला तो प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन समजून अठ्ठ्याण्णवचा आकडा दाखवीत राहतो.

आगीबाबत थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत एका हॉटेलच्या इमारतीला आग लागून आठ जण मृत्यू पावले. खालच्या भागात विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे विक्री-दालन होते. आग तेथे लागली आणि धूर जिन्यावाटे वरच्या खोल्यांपर्यंत गेला. त्याआधी १२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीच्या करोलबागेत अशाच एका हॉटेलात सतरा जणांचा बळी गेला. अशा प्रसंगी ज्वाळांपेक्षा धूरच अधिक जीव घेतो. मध्यवस्तीतील हॉटेले बहुधा अरुंद गाळ्यांवर उभी असतात; तळघरात गोदाम, खाली दुकान, वर खोल्या. तेव्हा खोली पाहण्याआधी रस्त्यावर उभे राहून खाली काय आहे ते पाहावे. दुसरा जिना आहे का आणि तो गाद्या-चादरींनी अडवलेला नाही ना, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मध्यवस्तीत काही खोल्या आतल्या बाजूच्या, खिडकीविना असतात. भाडे कमी, पण कुटुंबासह मी त्या टाळतो. पहिल्या ते तिसऱ्या मजल्यावरची खोली मागावी. उद्वाहन बंद पडले तरी आई जिन्याने उतरू शकली पाहिजे. रात्री निजण्यापूर्वी खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मुलांकडून मोजून घ्यावीत. धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत. भिंतीला हात लावून, वाकून, दारे मोजतच जावे लागते. मुलांना हा खेळ आवडतो.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण विचाराव्यात. पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप व त्याशेजारी धरायला दांडी. ओल्या फरशीवर पाय घसरतो का, हे स्वतःच्या पायाने पाहावे. वृद्धांचा खुब्याचा अस्थिभंग बहुधा अशाच ठिकाणी होतो. गॅलरीच्या दोन गजांमधील अंतर दहा सेंटिमीटरहून अधिक असेल तर बालकाचे अंग आरपार जाते, तेव्हा तिला कुलूप लावून घ्यावे, आणि पलंग खिडकीला लागून असेल तर तो सरकवून घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खोलीतील शीतकपाटावर विसंबू नये. किल्लीचे कार्ड काढले की अनेक ठिकाणी तेही बंद पडते, आणि त्यातील बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेले इन्सुलिन गोठून वाया जाते. हॉटेलात लग्नाचे सभागृह आहे का आणि त्या तारखेला मुहूर्त आहे का, हा प्रश्न मी हल्ली सर्वांत आधी विचारतो. भाड्याविषयी एवढेच, की २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर १२ ऐवजी ५ टक्के झाला आहे. बिल त्याप्रमाणे तपासावे.

तिसरा प्रवास नागपूरचा. तेथे सीताबर्डीच्या आसपास राहिल्यास महाराजबाग व अजब बंगला जवळच आहेत, गांधीसागराकाठचे रमण विज्ञान केंद्र फार दूर नाही, आणि मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच मिळतात. धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयेही हाताशी आहेत, हे वृद्ध बरोबर असताना मनाला बरे वाटते. मात्र डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. या दोन वेळी खोल्या मिळत नाहीत वा मिळाल्या तरी दर वाढलेले असतात. आम्ही दिवाळीनंतरचा आठवडा निवडला.

मी दूरध्वनीवर प्रश्न विचारू लागलो. मजला, दुसरा जिना, खिडकी, गिझरचे बटण, दांडी, मुहूर्त. पलीकडचे व्यवस्थापक सातव्या प्रश्नाला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपण खोली घेताय की खोलीची हिस्ट्री घेताय?" पण त्यांनी न चिडता उठून दुसऱ्या मजल्यावरील न्हाणीघर पाहिले, दांडी नाही असे प्रामाणिकपणे सांगितले, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तेथे एक प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची ठेवलेली होती. आईने त्या खुर्चीवर बसून तीनही दिवस निवांत आंघोळ केली. दुपारी ती आणि नातू दोघेही घोरत असत, आणि सूनबाई व मी खाली जाऊन चहा पिऊन येत असू.