वायफाय दिसत नाही? खिशात हात घालण्याआधी...

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपला आणि अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू चढवलं. बहुतेकांचं पहिल्या झटक्यात चालतं. ज्यांचं अडतं, त्यांचं हमखास वायफायपाशी अडतं. मग दुकानदार 'कार्ड गेलंय' म्हणतो आणि खर्चाला सुरुवात होते. खरं तर कार्ड क्वचितच गेलेलं असतं.

आधी चिप कोणती ते शोधा. टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' आणि जागा सोडून 'डॅश एनएनके' असं इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा. येणाऱ्या यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. त्याच ओळीतल्या शेवटच्या चौकोनी कंसात क्रमांक असतो. तो ८०८६ने सुरू झाला तर इंटेल, १४ई४ने झाला तर ब्रॉडकॉम, १०ईसीने झाला तर रिअलटेक. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, दोष बहुधा दुसरीकडे आहे. अशा वेळी विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का ते आधी बघा.

इंटेलवाल्यांना सहसा काही करावं लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. कार्ड नवं आणि लिनक्स जुनं असेल तरच अडतं, आणि त्यावर इलाज एकच, नवी आवृत्ती. खर्च शून्य.

ब्रॉडकॉमचं दुखणं वेगळं. जुन्या डेल, एचपी आणि मॅकबुकमध्ये ही चिप भरपूर सापडते. तिच्या बऱ्याच मॉडेलांना कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि तो आपोआप बसत नाही. तो आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट नाही म्हणूनच तर हा खटाटोप! इथे लोक दुकान गाठतात. त्याऐवजी अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो तारेचं इंटरनेट म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच पुढे देतात, म्हणजे डेटा पॅकही वाचतो. केबल मात्र डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने टेदरिंगचा पर्याय उमटतच नाही. मग मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडून ब्रॉडकॉम निवडा. मिंटवाल्यांना एक सवलत आहे: ज्या पेनड्राइव्हवरून मिंट चढवलं तोच लावला की ड्रायव्हर त्यातूनही मिळतो. डेबियन या लिनक्सने जून २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर अधिकृत डिस्कमध्ये घातलं, पण ब्रॉडकॉमचा हा ड्रायव्हर तिथे अजूनही वेगळाच बसवावा लागतो.

यानंतर एक फसवी पायरी येते. लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू असेल तर असा बाहेरचा ड्रायव्हर सही नसल्याने लोड होत नाही. म्हणून बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. सवयीने 'कंटिन्यू बूट' दाबलंत तर ड्रायव्हर बसलेला दिसेल, वायफाय मात्र येणार नाही.

रिअलटेकचं चिपनुसार बदलतं. अनेक चिपा नव्या कर्नलमध्ये आपसूक चालतात. एखादीसाठी इंटरनेटवरून कोड आणून ड्रायव्हर स्वतः तयार करा, असा सल्ला मिळेल. जमलं तरी कर्नल अपडेट झाला की तो पुन्हा मोडू शकतो. रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर हा उद्योग मी सुचवणार नाही. त्यापेक्षा थोडे पैसे टाका.

पैसे टाकायचेच तर दोन वाटा. पहिली यूएसबी अडॅप्टरची. साधा २.४ गिगाहर्ट्झचा तुकडा साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतो; दोन्ही बँडचा हवा तर हजाराच्या आसपास धरा. खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप विचारा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. नाव तेच राहिलं. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू (फक्त २.४) आणि एमटी७६१२यू (दोन्ही बँड) या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. रिअलटेकची आरटीएल८८१२बीयू फेब्रुवारी २०२३च्या ६.२ कर्नलपासून आपसूक चालते.

दुसरी वाट आतलं कार्ड बदलण्याची. इंटेल एएक्स२१० साधारण दीड ते अडीच हजारांना पडतं आणि एएमडीच्या लॅपटॉपवरही चालतं. एएक्स२०१ मात्र स्वस्त दिसलं तरी सरसकट घेऊ नका. ते विशिष्ट इंटेल प्रोसेसरांसोबतच चालतं. तुमच्या लॅपटॉपमध्ये या कार्डांना लागणारी एम.२ जागा आहे का, हे उघडून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. काही जुन्या एचपी आणि लेनोव्हो लॅपटॉपचं बायोस ओळखीबाहेरचं कार्ड लावलं तर लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही. अँटेनाच्या बारीक तारा जपून काढायला सांगा आणि बसवण्याची मजुरी आधी ठरवून घ्या.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा घराजवळच्या दुकानात, लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप सोबत न्या. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून अडॅप्टर दुकानातच लावून बघा. आतल्या डिस्कला हात लागत नाही. ऑनलाइन घेत असाल तर परतीची मुदत वाचूनच ऑर्डर द्या.