सहलीला न जाता पाहिलेला बाहुल्यांचा खेळ



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचा विषय निघतो. यंदा पालक सभेत एका वडिलांनी मोबाईलवर एका थीम पार्कचा व्हिडिओ दाखवला. बाहुल्या नाचतायत, दिवे चमकतायत, मुलं टाळ्या वाजवतायत. आमची पोरं खिडकीतून डोकावून बघत होती. मग तिकीट, बसभाडं, जेवण असा हिशोब मांडला आणि मागे बसलेल्या तीन-चार आया हळूच उठून गेल्या. त्या वाडीवरच्या होत्या. आंबेगावच्या पश्चिम भागातली ही घरं थोडी भातशेती आणि बाकी मजुरी यावर चालतात. एवढे पैसे ती कुठून आणणार? सहल निघाली असती, पण अर्धा वर्ग घरी राहिला असता.

म्हणून ठरवलं की बाहुल्यांचा खेळच वर्गात आणायचा. इयत्ता चौथीच्या मुलांबरोबर आठवडाभर जे केलं ते मांडते आहे. आधी माहिती, मग कृती.

पार्कातला खेळ कसा असतो?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डिस्नेच्या पार्कमध्ये 'मपेट व्हिजन थ्री-डी' नावाचा बाहुल्यांचा खेळ होता. तो १६ मे १९९१ रोजी सुरू झाला. त्याचे दिग्दर्शक जिम हेन्सन बरोबर एक वर्ष आधी, १६ मे १९९० रोजी वारले होते. प्रेक्षक खास चष्मा लावून पडद्यावर सिनेमा बघायचे, पण गंमत पडद्याबाहेरही चालायची. बाजूच्या सज्जात दोन कुरकुरे म्हातारे बसलेले, तेही यंत्रावर चालणाऱ्या बाहुल्याच. खाली वाद्यं वाजवणारे पेंग्विन. मध्येच एक भलामोठा केसाळ प्राणी थेट प्रेक्षकांत यायचा, त्याच्या आत खरा माणूस असायचा. ३४ वर्षं चालून हा खेळ जून २०२५ मध्ये बंद झाला.

मुलांना हे सगळं आवडलं, पण खरी आवडली ती पुढची गोष्ट. या खेळातला कर्मिट नावाचा हिरवा बेडूक हेन्सन यांनी १९५५ साली पहिल्यांदा बनवला, तो आईच्या टाकून दिलेल्या कोटाच्या कापडातून. डोळे म्हणजे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे तुकडे. हे ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आपण पण करू शकतो की!" माझा पाठ तिथे सुरू झाला.

आपल्याकडे हा खेळ केव्हापासून?

मुलांना विचारलं, बोलणारा बाहुला कोणी पाहिलाय? सगळा वर्ग ओरडला, "तात्या विंचू!" १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचू हा शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे यशवंत पाध्ये यांनी, घडवलेला अर्धवटराव आज त्यांचा नातू सत्यजित पाध्येही बोलका करतो. तीन पिढ्यांचा एकच बाहुला!

दोरीने नाचणारी कळसूत्री बाहुली तर त्याहून कितीतरी जुनी. ज्ञानेश्वरीत तिच्यासाठी 'सायखडे' असा शब्द येतो. आमची मुलं आळ्याला रेड्याच्या समाधीचं दर्शन घेऊन आलेली असतात, त्यामुळे ज्ञानेश्वर माउलींचं नाव निघालं की ती कान टवकारतात. नाटकातला 'सूत्रधार' म्हणजे शब्दशः सूत्र धरणारा. "पडद्यामागून सूत्रं हलवणं" हा वाक्प्रचारही फळ्यावर लिहिला. मुलांनी वाक्यात उपयोग केला : "आमच्या घरात आजी सूत्रं हलवते."

पिंगुळीचा गोठा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून दाखवत गोष्ट गाऊन सांगतात. एका गोष्टीच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. या कलांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. पुढे तो गेला, घरोघरी टीव्ही आला आणि खेळाला बोलावणारे कमी झाले.

तेव्हा परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २००६ साली 'ठाकर आदिवासी कला आंगण' सुरू झालं. लोक तिथे बाहुल्या, चित्रं, वाद्यं पाहतात आणि खेळही बघतात. २०२१ मध्ये गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. गोठा छोटा, पण घरातल्या पुढच्या पिढीच्या हातात दोऱ्या गेल्या, म्हणून खेळ टिकला. मला वाटतं, मुलांपर्यंत पोचवायची गोष्ट हीच आहे. बाहुल्यांचा खेळ बघण्याइतकाच शिकण्याचा आणि पुढच्याच्या हातात देण्याचा असतो.

पिंगुळी आपल्याला लांब पडते. पण पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रं मुलांना जरूर दाखवा.

वर्गातला खेळ

साहित्य : जुना पुठ्ठा, खराट्याच्या काड्या, चिकटपट्टी, कात्री, पांढरं धोतर किंवा चादर, मोबाईलची बॅटरी.

१. पुठ्ठ्यावर आकृती काढून कापा. डोळे, दागिने यांच्या जागी भोकं पाडा, तिथून उजेड येतो. मागे काडी चिकटवा.

२. खिडक्या झाकून चादर बांधा. बाहुली चादरीच्या मागे आणि बॅटरी बाहुलीच्या मागे धरा.

३. बाहुली बॅटरीजवळ न्या, सावली मोठी होते. चादरीजवळ आणा, सावली लहान आणि ठळक होते. हे आधी सांगू नका, मुलांना सापडू द्या. नंतर पट्टीने सावली मोजून तक्ता करून घ्या.

४. गोष्ट गावातलीच घ्या. आमच्या एका गटाने उसात लपलेला बिबट्या घेतला. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना तो शिकवावा लागत नाही! बिबट्या आला तर काय करायचं, एकटं का फिरायचं नाही, हे सगळं मुलांच्या संवादातच आलं.

एक प्रश्न

पिंगुळीची माहिती सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ते ठाकर म्हणजे आमच्यातले का?" हा मुलगा ठाकरवाडीवरून येतो. जूनपासून तो वर्गात हजेरीपुरताच बोलला होता. मी खरं तेच सांगितलं. नाव तेच आहे, पण कोकणातल्या ठाकरांची बोली आणि चालीरीती वेगळ्या आहेत. तो थोडा विचार करून म्हणाला, "पण पद्मश्री ठाकराला भेटली ना?" "हो, भेटली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून लाकडाचं एक डोकं काढलं. आजोबांनी कोयत्याने तासून दिलेलं. नाक जरा वाकडं. म्हणाला, "पांगाऱ्याचं आहे. हलकं असतं, हात दुखत नाही." कुठलं लाकूड हलकं, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी वर्गाला ते त्याने शिकवलं. झाडांची नावं फळ्यावर लिहायला खडूही त्याच्याच हातात दिला.

शनिवारी खेळ झाला. त्याचा बाहुला घरच्या बोलीत बोलला. काही शब्द मला कळले नाहीत, पण मागे बसलेल्या वाडीवरच्या आयांना सगळे कळले, कारण सगळ्यांत आधी त्याच हसल्या. त्या दिवशी पालक सभेतून कोणी उठून गेलं नाही.

त्यानंतर तो रोज खूप बोलतो असं नाही. वाचनात अजून अडखळतो, त्यावर काम चालू आहे. पण आता उत्तर येत असेल तर हात वर करतो.

सहली नकोत असं माझं म्हणणं नाही. मुलांनी जग पाहावंच. फक्त ज्या सहलीला अर्धा वर्ग येऊ शकत नाही, तिच्याआधी सगळ्यांना घेऊन जाणारी एक सहल वर्गात काढून बघा. आणि पालकहो, घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारा, लहानपणी कशाच्या बाहुल्या करायचात? उत्तर मुलांना वहीत लिहून आणू द्या. पुढचा पाठ त्यातूनच निघेल.