काचेवरील हिम

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. जानेवारीतील निरभ्र रात्री तेथे उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीची काच आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करते आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होते. मग हवेतील बाष्प द्रवरूप न होता थेट हिमकणांच्या रूपाने तिच्यावर साठते. रात्रीच काचेवर जुनी चादर पसरली, तर हे बहुतांशी टळते.

सकाळी घाईत असलेला चालक कधी कधी अशा काचेवर उकळते पाणी ओततो. काच उष्णतेची मंद वाहक आहे; तिचा बाहेरचा थर एकाएकी प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो. या ताणाने तिला तडा जाऊ शकतो. खडा लागून आधीच टवका उडालेला असेल, तर अधिकच. शिवाय ओतलेले पाणी पुन्हा गोठते, ते निराळेच! हीटरची हवा प्रथम मंद, मग क्रमाने उष्ण सोडावी आणि सुटलेले हिम प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे, हे उत्तम. गोठलेले वायपर ओढू नयेत, रबर फाटते.

मात्र इंजिन बंदिस्त जागेत चालू ठेवू नये. धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही ना, हेही आधी पाहावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट दृढतेने संयोग पावतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि तोवर दार उघडण्याचे त्राणही पुष्कळदा उरलेले नसते.