पत्र्याच्या कोठीसाठी आखणीची साधने कशी निवडावीत?

लोहारा व यवतमाळ परिसरातील शेतकरी बंधूंनो, ज्वारी, तूर, हरभरा साठविण्यासाठी जस्ती पत्र्याची कोठी गावातच करून घेता येते. मात्र आखणी चुकली तर पत्रा वाया जातो. सांधा उघडा राहिला तर पावसाळ्यात ओल व कीड आत शिरते. म्हणून कापण्याची रेघ कोणती व दुमडण्याची कोणती हे आधी ठरवावे आणि त्यानुसार साधन घ्यावे.

कापण्याची रेघ : यासाठी टोकदार पोलादी आखणी-सुई (स्क्रायबर) वापरावी. टोक पोलादी पट्टीच्या कडेला टेकवून सुई थोडी बाहेर कलती धरावी व एकाच दमात रेघ ओढावी. पुन्हा पुन्हा ओढल्यास दुहेरी रेघ उमटते.

दुमडण्याची रेघ : येथे सुई वापरू नये. ओरखड्याने जस्ताचा थर पातळ होतो. घडी घालताना तेथेच पत्रा चिरण्याची व पुढे गंज धरण्याची शक्यता वाढते. बारीक टोकाचा मार्कर पेन वापरावा. शिसपेन्सिल टाळावी; तिच्यातील ग्रॅफाइटमुळे ओल लागल्यावर जस्त व ॲल्युमिनियम झिजते.

काटकोन : गुण्या पत्र्याच्या सरळ कडेला लावून रेघ मारावी. नंतर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच चौकोन बरोबर समजावा.

वर्तुळ : लहान वर्तुळास डिव्हायडर पुरतो. कोठीच्या तळासाठी लाकडी पट्टीला हव्या अंतरावर दोन खिळे ठोकून ट्रॅमल करावा. मध्यबिंदूवर चिकटपट्टीचे तीन-चार थर लावावेत. सेंटर पंच मारू नये. तळाला भोक पडल्यास ओल आत येते.

उदाहरण : ६० सें.मी. व्यासाच्या कोठीचा घेर ६० × ३.१४ = १८८.४ सें.मी. होतो. घडीच्या सांध्यासाठी २.५ सें.मी. धरून १९०.९ सें.मी. लांबी आखावी. नुसते तिपटीने मोजल्यास घेर ८.४ सें.मी. कमी भरतो व तळ बसत नाही. तळासाठी ३० सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ मार्करने व ३१ सें.मी. त्रिज्येचे सुईने आखावे. आतील रेघ दुमडण्याची, बाहेरील कापण्याची. सुमारे १२० सें.मी. उंचीच्या अशा कोठीत अंदाजे अडीच क्विंटल ज्वारी मावते.

कात्री लावण्यापूर्वी सर्व मापे पुन्हा एकदा तपासावीत. मार्करची रेघ पुसता येते, कापलेला पत्रा जोडता येत नाही.